ब्रिटनमधली रॅली: कॅलेंडर, खर्च आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त आलेली मराठी मंडळी शनिवार-रविवारी वेल्समध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये फिरायला जातात आणि कुठल्या तरी वळणावर चिखलाने माखलेली, दारावर नंबर लावलेली गाडी त्यांना ओलांडून जाते. मग प्रश्न सुरू होतात. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. खर्चाचे आकडे ढोबळ आहेत; गाडी कोणती, रॅली कोणती यावर ते बरेच बदलतात.

रॅली म्हणजे रेसच ना?

नाही. रेसमध्ये सगळे एकत्र सुटतात आणि एकमेकांना मागे टाकतात. रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात, बहुतेक वेळा एकेका मिनिटाच्या अंतराने, आणि लढत घड्याळाशी असते. बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला ‘स्टेज’ म्हणतात. एक स्टेज संपली की दुसऱ्या स्टेजपर्यंत साध्या रस्त्याने, सिग्नल पाळत, स्पीड कॅमेऱ्यांना घाबरत जायचं. म्हणूनच रॅलीच्या गाडीला नंबर प्लेट असते, विमा असतो, दरवर्षीची एमओटी तपासणी असते.

गाडीत दोघं असतात. को-ड्रायव्हर पेसनोट्स (पुढच्या वळणांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदी) वाचतो, आणि टाइमकार्ड सांभाळणं हेही त्याचंच काम. हे कार्ड कोणी गांभीर्याने घेत नाही, पण त्याच्यापायी रॅली हरलेले पुष्कळ आहेत. कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या ठाण्यावर, ठरलेल्या मिनिटाला हजर व्हावं लागतं. एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड. एक मिनिट लवकर पोचलात तर पूर्ण एक मिनिटाचा. म्हणून कंट्रोलच्या अलीकडे गाड्या रांगेत थांबलेल्या दिसतात आणि को-ड्रायव्हर हातातल्या घड्याळाकडे टक लावून उभा असतो. ड्रायव्हरने जिवावर उदार होऊन मिळवलेले चार सेकंद इथे एका चुकीच्या पावलात जातात.

ब्रिटनला या खेळाचं एवढं वेड कशामुळे?

जंगलांमुळे. आरएसी (रॉयल ऑटोमोबाइल क्लब) रॅली १९३२ मध्ये सुरू झाली तेव्हा ती लांब पल्ल्याची मोटार सफरच होती. शेवटी समुद्रकिनारी गाड्या मागे-पुढे घेण्याच्या कसरती. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्ता बंद करून वेगाने गाडी हाकायला कायद्याने परवानगी नव्हती, त्यामुळे खरी शर्यत घ्यायची कुठे हा प्रश्न होता. १९६० च्या सुमाराला जॅक केम्स्ली या आयोजकाने सरकारी वनखात्याचे खासगी रस्ते मिळवले. लाकडाच्या ट्रकसाठी बांधलेले हे खडीचे रस्ते वळणांचे, निसरडे आणि मैलोन्मैल रिकामे होते. स्वीडनच्या एरिक कार्लसनने १९६० ते ६२ अशी लागोपाठ तीन वर्षं रॅली जिंकली. पुढे बरीच वर्षं स्कँडिनेव्हियन ड्रायव्हर येत आणि करंडक घेऊन जात, कारण अशा रस्त्यांवर ते लहानाचे मोठे झाले होते.

मग रॉजर क्लार्कने फोर्ड एस्कॉर्टमध्ये १९७२ आणि १९७६ साली ती जिंकली. नव्वदच्या दशकात कॉलिन मॅकरे आला. १९९५ मध्ये सुबारूतून जगज्जेता झाला तेव्हा तो २७ वर्षांचा होता, आणि इतक्या लहान वयात जगज्जेता होण्याचा त्याचा विक्रम २०२२ पर्यंत टिकला. त्याच्यामागून रिचर्ड बर्न्स. १९९८, ९९ आणि २००० असे सलग तीन विजय घरच्या रॅलीत आणि २००१ चं जगज्जेतेपद. दोघंही लवकर गेले, बर्न्स २००५ मध्ये आजाराने आणि मॅकरे २००७ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेला जो ब्रिटिश माणूस रॅलीसाठी पैसे खर्च करतो, तो बहुतेक त्या दोघांना पाहूनच या नादाला लागलेला असतो. त्याच्यानंतरची पिढी कुठून येणार, ही यातली खरी काळजी आहे.

मग जागतिक स्पर्धेची ब्रिटनमधली फेरी कुठे गेली?

पैशात गेली. १९७३ मध्ये जागतिक रॅली स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून ब्रिटन तिच्यात होता. २००३ पासून वेल्सच्या सरकारचा पाठिंबा मिळाला आणि नाव ‘वेल्स रॅली जीबी’ झालं. शेवटची फेरी ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली, ओट टॅनकने जिंकली. २०२० ची कोविडमुळे रद्द झाली आणि नंतर वेल्स सरकारने हात आखडता घेतला. उत्तर आयर्लंडमध्ये नेण्याचा प्रयत्न झाला, तोही निधीपाशीच अडला. स्कॉटलंडचं नावही चर्चेत आलं. अशी फेरी भरवायला दरवर्षी लाखो पौंड लागतात. ते तिकिटांतून निघत नाहीत, कोणत्या तरी सरकारने पर्यटनाच्या नावाखाली द्यावे लागतात. ब्रिटनमध्ये इस्पितळांच्या रांगांवरून सरकारं पडायची वेळ येते, तिथे रॅलीला पैसे देणारा मंत्री शोधणं कठीणच.

म्हणजे ब्रिटिश रॅली संपली का?

टीव्हीवरची संपल्यासारखी दिसते. खालची चालू आहे. वेल्समधल्या डोल्गेलाइचा एल्फिन एव्हान्स जागतिक स्पर्धेत अनेकदा दुसरा आला आहे. २०१७ ला त्याने घरची फेरीही जिंकली. कंब्रियातल्या डव्हेनबी हॉल नावाच्या जुन्या हवेलीच्या आवारात एम-स्पोर्ट ही कंपनी फोर्डच्या रॅली गाड्या बांधते आणि जगभर विकते. दर शनिवार-रविवारी देशात कुठे ना कुठे क्लबची रॅली असतेच.

माझं मत विचाराल तर जागतिक फेरी नसणं हा मोठा रोग नाही. रोग आहे तो मधल्या थराला. पगारदार माणूस, गॅरेजवाला, शेतकरी, ज्याची एक जुनी गाडी आहे आणि वर्षाला सहा-सात रॅली करायची हौस आहे, तो आता तीन करतो. तो कमी झाला की आयोजकाचं गणित बिघडतं. त्या गणिताकडे पुढे येतोच.

वर्षाचं कॅलेंडर कसं असतं?

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सर्किटवरच्या रॅली. औल्टन पार्क, कॅडवेल पार्क, डॉनिंग्टन, ब्रँड्स हॅच यांसारख्या रेस ट्रॅकवर शंकू आणि गवताच्या गठ्ठ्यांनी वेडीवाकडी वाट आखायची आणि दिवसभर त्याच्यावर फिरायचं. खरे रॅलीवाले नाकं मुरडतात, पण या रॅली भरतात. सगळं एका आवारात, शौचालय आहे, चहा आहे, घरी संध्याकाळी परत.

वसंतात जंगलं. वेल्समध्ये बिल्थ वेल्स हे छोटं गाव या खेळाची पंढरी मानायला हरकत नाही. सेव्हर्न व्हॅली स्टेजेस आणि जुलैमधली निकी ग्रिस्ट स्टेजेस इथूनच निघतात. (निकी ग्रिस्ट म्हणजे मॅकरेचा को-ड्रायव्हर.) मे महिन्याच्या शेवटी स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या डन्स गावाभोवती जिम क्लार्क रॅली, डांबरी रस्त्यांवर. ऑगस्टमध्ये अ‍ॅबर्डीनजवळ ग्रॅम्पियन, तिकडे उत्तर आयर्लंडमध्ये अल्स्टर रॅली. सप्टेंबरमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथला राली केरेडिगियन. २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये युरोपियन स्पर्धेची फेरी झाली, इतक्या कमी वर्षांत. मग यॉर्कशरची ट्रॅकरॉड.

ऑक्टोबरमध्ये मल. हे नाव लक्षात ठेवा. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं एक बेट, टोबरमोरी नावाचं रंगीत घरांचं बंदर, एकच गाडी मावेल असे रस्ते, एका बाजूला दगडी भिंत आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि बराचसा कार्यक्रम रात्री. १९६९ पासून चालू आहे. बोटीचं तिकीट आणि राहायची जागा लवकर बघा. बेटावर खोल्या मोजक्याच.

दर दोन वर्षांनी नोव्हेंबरमध्ये रॉजर अल्बर्ट क्लार्क रॅली असते, रॉजर क्लार्कच्याच नावाने. पाच दिवस, जुन्या टू-व्हील-ड्राइव्ह गाड्या, किल्डरसारखी जंगलं, पहाटेचं दव. जुन्या आरएसी रॅलीची हौस भागवायला म्हणून ती २००४ मध्ये सुरू झाली आणि आज लोक तिच्यासाठी दोन वर्षं पैसे साठवतात.

एवढ्या मालिका कशाला? ब्रिटिश, वेल्श, स्कॉटिश, डांबरी, ऐतिहासिक...

हा प्रश्न आयोजकांनाही विचारा. ब्रिटिश रॅली चॅम्पियनशिप १९५८ पासूनची. २०१५ ला एक वर्ष ती बंदच ठेवावी लागली आणि २०१६ ला नव्याने उभी राहिली. बीटीआरडीए ही संस्था तर १९३८ ची. त्यांच्या जोडीला वेल्श, स्कॉटिश, डांबरी, ऐतिहासिक, सर्किट, शिवाय एकेका कंपनीच्या गाड्यांचे चषक. बऱ्याचदा एकाच रॅलीत चार-पाच मालिकांचे स्पर्धक असतात, त्यात काही वाईट नाही. वाईट हे की दोन शेजारच्या रॅली एकाच शनिवार-रविवारी किंवा लागोपाठ ठेवल्या जातात आणि दोघींनाही अर्ध्याच गाड्या मिळतात. प्रत्येक क्लबला आपली तारीख म्हणजे वाडवडिलांची जमीन वाटते. निदान एका प्रांतात तरी तारखांचा समझोता व्हावा असं सगळे म्हणतात आणि कोणी सोडत नाही. चार-सहा रॅली दोन वर्षांतून एकदा घेतल्या तर उरलेल्या सगळ्या जगतील, असं माझं ठाम मत आहे.

जंगलातली रॅली एवढी महाग का झाली?

कारण जंगल भाड्याचं असतं. इंग्लंडमध्ये फॉरेस्ट्री इंग्लंड, वेल्समध्ये नॅचरल रिसोर्सेस वेल्स, स्कॉटलंडमध्ये फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड, असे तीन मालक आणि तिघांचे तीन हिशोब. शंभर गाड्या एका खडीच्या रस्त्यावरून पूर्ण ताकदीने गेल्या की वळणावर घळी पडतात, खडी बाहेर फेकली जाते, आणि दुसऱ्या दिवशी लाकडाचा ट्रक तिथून जायचा असतो. म्हणून मैलामागे पैसे घेतात, आणि तीच स्टेज दोनदा वापरली तर जास्त. वेल्समध्ये २०१६ च्या सुमाराला दर इतके चढायला लागले की रॅली बंद पडण्याची बोलणी सुरू झाली. शेवटी रस्ते दुरुस्तीचं काम रॅलीवाल्यांच्याच एका संस्थेकडे देण्याचा मार्ग काढला.

त्यात निसर्गाची भर. लार्च झाडांना फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा रोग लागला आणि वेल्समध्ये मोठे पट्टे तोडावे लागले. तोडणी चालू असलेल्या भागात रॅली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाने उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली झाडं अक्षरशः लाखांनी पाडली. पडलेली झाडं हलवेपर्यंत रस्ते बंद. पवनचक्क्यांची कामं निघाली की तेही रस्ते जातात.

आता मघाचं गणित. समजा रॅलीचा ठरलेला खर्च ६०,००० पौंड आहे: जंगल, रुग्णवाहिका, विमा, वेळ मोजण्याची यंत्रणा, रेडिओ, फिरती शौचालयं. शंभर गाड्या आल्या तर प्रत्येकी ६०० पौंड. सत्तर आल्या तर साडेआठशेच्या वर. वर्गणी कमी जमली म्हणून मांडवाचं भाडं कमी होत नाही. फी वाढली की पुढच्या वर्षी साठ येतात, आणि मग तुम्हीच समजा.

रस्ते बंद करून रॅली घेता येत नव्हती, ते बदललं का?

हो, आणि गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात चांगली बातमी. पूर्वी ब्रिटनच्या मुख्य भूमीवर डांबरी सार्वजनिक रस्ता बंद करायचा तर संसदेकडून खास कायदा लागे. मल बेटाने १९९० मध्ये असा कायदा करून घेतला होता. आइल ऑफ मॅन आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे, म्हणून तिथे अशा रॅली आधीपासून होत्या. २०१७ मध्ये इंग्लंडमध्ये नियम बदलले, मागून वेल्स आणि स्कॉटलंडही आले. एप्रिल २०१८ मध्ये एसेक्समधल्या क्लॅक्टनला इंग्लंडमधली पहिली अशी रॅली झाली.

पण डांबर फुकट नाही. स्थानिक परिषद, पोलीस, बस कंपनी, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घराशी बोलावं लागतं. प्रत्येक फाटकावर माणूस उभा करावा लागतो. ज्यांच्या दारातून दिवसभर गाड्या जाणार त्यांच्याकडे महिनोन्महिने आधी चकरा मारणारे स्वयंसेवक असतात. एखाद्या आजीला त्याच शनिवारी नातीच्या लग्नाला जायचं असलं तर तिला कधी बाहेर काढायचं याचं वेळापत्रक बनतं.

एका गाडीला खर्च येतो तरी किती?

साधी, स्वतः बांधलेली गाडी आणि जंगलातली एक दिवसाची रॅली धरू, चाळीस-पंचेचाळीस मैल स्टेजचे. एन्ट्री फी साधारण ७०० ते १,००० पौंड. खडीचा एक टायर दीडशे ते अडीचशे पौंड, आणि तो किती दिवस चालेल हे वेल्समधल्या दगडांवर. मग पेट्रोल, दोन रात्रींचं राहणं, गाडी ओढून नेणाऱ्या व्हॅनचं डिझेल, मदतीला येणाऱ्या मित्रांचं जेवण. काही मोडलं नाही तरी दोन हजारांच्या जवळ. मोडतंच.

त्यापेक्षा चिडायला लावणारा खर्च तारखांचा. सीट, पट्टे, हेल्मेट सगळ्यावर मान्यतेची मुदत. पट्टे पाच वर्षांनी बाद, मग ते नवेकोरे का दिसेनात. सुरक्षिततेशी वाद नाही; पण ज्याने वर्षात दोनच रॅली केल्या त्याला न झिजलेले पट्टे फेकताना जिवावर येतं.

वरच्या टोकाला रॅली२ या वर्गातल्या गाड्या आहेत, ब्रिटिश मालिका जिंकायला त्याच लागतात. नवी गाडी दोन लाख युरोंच्या वर. फोर्ड फिएस्टाची रॅली३ आवृत्ती सुमारे एक लाख युरोंना. या किमती ऐकून मग लोक जुनी एस्कॉर्ट घेतो म्हणतात.

जुनी एस्कॉर्ट तरी स्वस्त असेल ना?

नाही. मार्क टू (दुसऱ्या पिढीच्या) एस्कॉर्ट १९७५ ते १९८० मध्ये कारखान्यातून निघाल्या. आज चांगली तयार केलेली, ताकदवान इंजिनाची मार्क टू लाखभर पौंडांनाही जाते. मागच्या चाकांवर नाचत जाते, आवाज भारी, आणि प्रेक्षक तिच्यासाठीच येतात. स्वस्तात हवी तर जुनी फिएस्टा, प्यूजो किंवा निसान मायक्रा बघा.

कमी पैशांत सुरुवात कशी करायची?

जवळचा मोटर क्लब गाठा. जवळपास प्रत्येक गावाला एक असतो आणि सभा पबमध्ये भरते. मोटरस्पोर्ट यूके ही नियामक संस्था प्राथमिक क्लबमन लायसन्स मोफत देते. ऑटोटेस्ट, म्हणजे शंकूंमधून गाडी वळवत नेण्याची घड्याळावरची कसरत, स्वतःच्या रोजच्या गाडीतही करता येते.

सगळ्यात मजेची मात्र ‘ट्वेल्व्ह-कार’. नावाप्रमाणे जास्तीत जास्त बारा गाड्या, कारण त्याहून जास्त असल्या तर कायद्याने वेगळी परवानगी लागते. हिवाळ्यातली कामाच्या दिवसाची रात्र, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेचा, सव्वा इंच म्हणजे एक मैल असा नकाशा, मांडीवर लाकडी पाटी, हातात भिंगाचा दिवा. कोड्यासारखी सूचना देतात, ती नकाशावर उतरवायची आणि वाट शोधायची. सरासरी वेग ताशी ३० मैलांच्या वर ठेवता येत नाही. तरी शेजारी बसलेल्याला घाम फुटतो. यातून तयार झालेले को-ड्रायव्हर पुढे मोठ्या रॅलीत उठून दिसतात. खर्च फार तर पेट्रोल आणि मागून पबमधल्या चिप्स.

मुलांसाठी ज्युनियर रॅली आहे: १४ ते १७ वर्षं वय, एक लिटर इंजिनाच्या छोट्या गाड्या, विमानतळासारखी खासगी बंदिस्त जागा, शेजारी अनुभवी मोठा माणूस. खेळाला भविष्य असेल तर ते इथे आहे, आणि पैसे घालायचे तर इथे घालावेत असं मला वाटतं.

सुरक्षिततेचे नियम एवढे कडक कधी झाले?

२०१३ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्नोमन रॅलीत एका प्रेक्षक महिलेचा मृत्यू झाला आणि २०१४ मध्ये जिम क्लार्क रॅलीत तिघांचा. चौकशी झाली, कित्येक वर्षं चालली. प्रेक्षकांसाठी प्रशिक्षित मार्शल (स्टेजवर लक्ष ठेवणारे स्वयंसेवक), सुरक्षेसाठी वेगळा प्रतिनिधी, टेप कुठे लावायची याचे आराखडे, हे सगळं त्यातून आलं. आज प्रेक्षक चुकीच्या जागी उभे दिसले तर स्टेज रद्द होते. त्यामुळे खर्च वाढला हे खरं, पण या खर्चाविरुद्ध बोलणारा माणूस मला तरी पटत नाही.

मुंबईचा या सगळ्याशी काही संबंध?

आहे, आणि चांगला आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून सिडनीपर्यंतची मॅरेथॉन रॅली निघाली. लंडन ते मुंबई रस्त्याने, तिथून गाड्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलिया. मुंबईला पोचताना आघाडीवर होता तो वर आलेला रॉजर क्लार्कच, लोटस कॉर्टिना घेऊन. पुढे ऑस्ट्रेलियात त्याची गाडी दगा देत गेली आणि साध्या हिलमन हंटरमधून अँड्र्यू कोवान जिंकला. हा कोवान त्याच डन्स गावचा, जिथे आज जिम क्लार्क रॅली होते.

मार्शल म्हणून जाता येईल का?

जरूर. मार्शलची सगळीकडे टंचाई आहे, आणि प्रशिक्षण ऑनलाइन व मोफत मिळतं. पहाटे पाचला अंधारात जंगलाच्या फाटकावर सही करावी लागते. मग तुमच्या जंक्शनवर उभं राहायचं: शिटी, अग्निशामक, टेप आणि थर्मास. आधी सुरक्षेच्या गाड्या जातात, त्यांच्या दारावर तीन शून्यं, मग दोन, मग एक. शून्य नंबरची गाडी गेली की रस्त्यात कोणी पाऊल ठेवायचं नाही. त्यानंतर शिटी वाजवायची ती प्रत्येक गाडीच्या आवाजावर. बूट चांगले घ्या; वेल्समधला पाऊस कोकणातल्यासारखा कोसळत नाही, पण थांबतही नाही.

कुत्र्याला नेलं तर चालेल?

नका नेऊ. बऱ्याच रॅलींत सक्त मनाई असते. ड्रोनलाही.